कोकिळाआजीचा पितळी बिल्ला

मी, प्रमिला प्रभाकरराव चाफले, वय ७९, राहणार सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजची तारीख विचारली. त्यांच्या भिंतीवर मागच्या महिन्याचे कॅलेंडर होते, ते मी आधी उलटायला लावले.

१. घर व अंगणातले लिंबाचे झाड मुलगा निकेश याला. झाड तोडून गाडीसाठी शेड टाकायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. तोडल्यास घर मुलगी हर्षाचे.

२. शिलाई मशीन सून अंकिता हिला. ती शिवत नाही. पण दिवाळीत "मशीन लई जुनी झाली" म्हणाली, म्हणून.

३. पितळी बिल्ला, नंबर ११७, हर्षाला. हा माझी आजी कोकिळाबाई हिचा, गिरणीतल्या हजेरीचा. १९२० च्या सुमारास ती इथल्या कापडगिरणीत सुताच्या लडी करायची. सुटीचा भोंगा सहाचा, नागपूरची पॅसेंजरही सहाची. पुढे पुढे गाडी निघून जाई तरी भोंगा वाजेना. आजीने मॅनेजरला विचारले. तो म्हणाला, "गाडी लवकर आली."

"साहेब, गाडी कधी लवकर येते काय? अन् रोजच काऊन येऊन राह्यली?"

दुसऱ्या दिवशी गाडीची शिट्टी ऐकताच आजी खाली बसली. मागोमाग खात्यातल्या साऱ्या बाया बसल्या. चौथ्या दिवशी भोंगा सहाला वाजला. आजीला मात्र झाडलोटीवर टाकले. अकरा वर्षे तिने सारी गिरणी झाडली, फक्त मॅनेजरची खोली सोडून. विचारले तर म्हणे, "तिथवर पोचतो तं सहा वाजते."

हर्षाचा साहेब तिला साडेसातपर्यंत बसवतो आणि ती बसते. बिल्ला पर्समध्ये ठेवावा.

४. माझा धाकटा भाऊ धनंजय चाळीस वर्षे लग्नालग्नांत सांगतो की तेव्हा गिरणीतले काम आजोबांनी बंद पाडले. आजोबा गिरणीत नव्हतेच. आजीला उशीर झाला की घरी रुसून बसत. धनंजयला आजोबांची फेटेवाली तसबीर. अट अशी की माझ्या तेरवीला त्याने हे कलम उभे राहून मोठ्याने वाचावे. काल तो म्हणाला, "ताई, पण आजोबानं तिले कामावर जायले कधी अडवलं नाई." तेवढे खरे आहे, तेही वाचावे.

यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हे शांतपणे लिहिले आहे.

सही : प्रमिला प्रभाकरराव चाफले

साक्षीदार, ज्यांच्या देखत सही झाली :
१. रूपराव भोयर, शेजारी
२. ज्योत्स्ना ढगे, शिक्षिका

सिंदी (रेल्वे), १४ नोव्हेंबर २०२५