दिवंगत पतीची बोट वरच्या तळ्यात उतरवू न देण्याबाबत

दिनांक: १४ मार्च

प्रति,
मा. जलाशय अधिकारी,
वरचे तळे कार्यालय.

विषय: माझ्या दिवंगत पतीची बोट वरच्या तळ्यात उतरवण्यास परवानगी नाकारणेबाबत.
संदर्भ: माझ्या दिरांनी त्याच परवानगीसाठी सोमवारी केलेला अर्ज.

महोदय,

१. वरच्या तळ्यावरचे नावाडी, म्हणजे माझे यजमान, गेल्या महिन्यात वारले. खालचे तळे जलपर्णीने भरले तेव्हा ती उपसायला ते स्वतःची बोट घेऊन गेले होते. तिथेच आजारी पडले. बोट अद्याप तिथेच आहे.

२. त्यांची रक्षा त्यांच्याच बोटीतून वरच्या तळ्यात सोडावी, अशी दिरांची इच्छा आहे. खालचे सगळे नावाडीही आपापल्या बोटी घेऊन येणार आहेत. नावाडी गेला की सोबत्यांनी त्याला बोटींनी पोहोचवायचे, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. दिरांची माया खरी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

३. तक्रार बोटींची आहे. जलपर्णीचा एक तुकडा बोटीच्या बुडाला चिकटून आला तरी तळे बुजवायला पुरतो. यजमान धक्क्यावर प्रत्येकाला अडवत: बोट घासा, साचलेले पाणी लांब जमिनीवर ओता, जाळी झटका, सगळे उन्हात खडखडीत वाळवा. गळासाठी आणलेले, उरलेले जिवंत मासे ते कुणालाही तळ्यात ओतू देत नसत. घरातले शोभेचे मासे दयेपोटी सोडायला येणाऱ्यांशी त्यांची भांडणे होत आणि शेवटी ते मासे आमच्या घरी येत. आमच्या न्हाणीघरात आजही धड उभे राहायला जागा नाही. लोक त्यांना वैतागत, पण वरचे तळे अजून स्वच्छ आहे.

४. हे मी दिरांना सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, एक दिवस नियम बाजूला ठेवला तर काय आभाळ कोसळणार आहे? दादाचीच तर बोट आहे." मला रडू फुटले, त्यामुळे उत्तर राहून गेले. ते येथे देत आहे: दादाची आहे, म्हणूनच नको. त्यांच्या बोटीने ते तळे बुजलेले मला बघवणार नाही.

५. आपण भले गृहस्थ आहात. दुखवट्यातल्या माणसांना नाही म्हणणे आपल्या जिवावर येईल, याची कल्पना आहे. तरी नाही म्हणावे. नकार कार्यालयाचा आहे असेच कळवावे. माझे नाव निघाल्यास सासूबाई माझ्याशी बोलणार नाहीत, आणि घरात आता आम्ही दोघीच आहोत.

६. बोट अंगणात आणून मी स्वतः घासेन. फळ्यांच्या फटी आतून वाळायला वेळ लागेल. तोवर रक्षा घरीच राहील. दिरांना घाई आहे. मला नाही.

आपल्या नकाराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
नावाड्याची पत्नी,
धक्क्यालगतचे घर.