शेजारच्या चाकावर हे

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघंही धडधाकट आहोत, हे आधी वाच आणि मगच पुढे जा.

एकटी घरात बसून कुढू नकोस म्हणालीस, म्हणून मी मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. काल पहिला दिवस होता. बाई म्हणाल्या, "गोळा चाकाच्या मधोमध कसा बसवायचा ते आतले गृहस्थ दाखवतील. उन्हाळ्यापासून रोज येतात, मातीही मळून देतात." आणि आतल्या खोलीतून, कोपरापर्यंत चिखलाने माखलेले, तुझे मेहुणे बाहेर आले.

ताई, सकाळीच मी त्यांना ऑफिसचा डबा भरून दिला होता.

ते शेजारच्या चाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "नोकरी गेली. तुला सांगायला तोंड नव्हतं."

तोंडातून एवढंच निघालं, "मग जेवता कुठे?"

"मागच्या पायरीवर."

घरी दोघं चालतच आलो.

काळजी करू नकोस. ते दुसरी नोकरी शोधताहेत, मीही एका पाळणाघरात विचारलंय. आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही कळू देऊ नकोस. जावई छंद म्हणून मडकी करतात, एवढंच सांग.

आज हे कुठेच गेले नाहीत. दुपार झाली तरी गाढ झोपलेत. श्वास चालू आहे ना, ते मी दोनदा जाऊन पाहून आले.

तुझीच,
धाकटी