चौथं शील

रायपूर
सोमवार, ९ जून २०२५

चि. भावना हिस,
बाबाचा सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. ऊन अजून उतरलेलं नाही. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. काल पंडरीच्या कापडबाजारात जाऊन तिने तुझ्यासाठी दोन सलवारींचं सुती कापड आणलं. मी म्हटलं, "पोट्टी आता तिकडचे कपडे घालते." तर म्हणाली, "घालू द्या ना. वापस तर इथंच येणार हाय." ते ऐकून मी उठून अंगणात गेलो.

हे पत्र हाताने लिहून पानांचे फोटो तुझ्या मोबाईलवर पाठवतो आहे. फोनवर आई शेजारी असते आणि तू हसत असतेस. मला जे सांगायचं आहे ते हसऱ्या चेहऱ्याला सांगता येत नाही. उत्तर हिंदीत दिलंस तरी चालेल, पण बुधवारच्या आत दे.

कॉलेजसाठी तू लिहिलेलं इंग्रजी टिपण नीलेशने मला वाचून दाखवलं. भनपुरीच्या चॉईस सेंटरवाला नीलेश, ज्याने कॉम्प्युटरवर तुझा या परदेशातल्या पक्षी-अभ्यासाचा फॉर्म भरला तो. फार चांगलं लिहिलं आहेस बेटा. पोर्तुगालच्या त्या पिको बेटाच्या मधोमध तो एकच उंच डोंगर, द्राक्षवेलींना वारा लागू नये म्हणून रचलेल्या काळ्या दगडांच्या भिंती, समुद्रावरून परतताना तान्ह्या लेकरासारखे रडणारे पक्षी. नीलेशने नकाशात बेट दाखवलं. मी त्यावर बोट ठेवलं तर ते बोटाखाली झाकून गेलं. भोवती सगळं पाणीच होतं.

मग तो शेवटच्या परिच्छेदावर आला. गुरुवारी पक्ष्यांची घरटी मोजायला समोरच्या खडकांवर जायचं आहे. बोट खडकाला लागत नाही, शेवटचं अंतर पोहून जावं लागतं. ज्यांनी फॉर्ममध्ये पोहता येतं असं लिहिलं तेच जाणार, आणि यादीत तुझं नाव आहे. पुढे तू लिहिलंस: "मी असं लिहिल्याचं मला आठवत नाही. पण फॉर्म बाबांनी भरला, आणि बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना माझ्यात असं काही दिसलं असेल जे मला दिसत नाही. म्हणून मी जाणार आहे."

नीलेशने मान वर केली. "अंकल, उसको तैरना आता है ना?"

मी म्हणालो, "चाय पियोगे?"

भावना, मला तुझ्यात काही दिसलं नव्हतं.

जानेवारीत तुझी परीक्षा चालू होती आणि फॉर्मचा शेवटचा दिवस होता. नीलेशने विचारलं, "तैरना, येस की नो?" मी म्हटलं, "नो लिखेंगे तो?" "क्या पता अंकल, रिजेक्ट भी कर सकते हैं." "तो येस कर दो." तो हसला. "तालाब वाले गांव के हो, बेटी तो मछली होगी." मी "हव" म्हणालो. दाखल्यावरच्या एका चुकीने माझं कॉलेज कसं हुकलं ते तुला माहीत आहे. तेव्हापासून फॉर्म समोर आला की मला वाटतं, एका चौकोनात आपलं नाव कटणार.

आज तोच फॉर्म पुन्हा उघडायला लावला. त्या प्रश्नाखाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की ज्यांना पोहता येत नाही त्यांना पहिले दोन आठवडे पोहण्याच्या तलावात शिकवतील. एवढंच. कुणाचंही नाव कटणार नव्हतं. आम्ही ती ओळ वाचलीच नाही.

आणखी एक आहे. ते लिहायला मी दोनदा पेन खाली ठेवलं.

सातवीत तू पोहायला शिकायचं म्हणून रडली होतीस. मी म्हणालो, तुझे कान दुखतात. तुझे कान कधीच दुखत नव्हते. तुझा धर्मपालकाका तापाने गेला असं मी घरात सांगितलं आहे. तो आमच्या गावच्या तलावात गेला. मी अकरा वर्षांचा होतो, तो आठचा. मीच त्याला नेलं होतं. पाळीवर बसून मी शिंगाडे सोलत होतो, वर पाहिलं तर तो नव्हता. घाबरून घरी पळालो. आईने विचारलं, "धर्मपाल तुह्यासोबत होता काय रे?" मी म्हणालो, "नाही." लोक त्याला शेताकडे शोधत राहिले. तलावाकडे गेले तेव्हा ऊन कललं होतं.

त्याला वाचवता आलं असतं की नाही, मला माहीत नाही. कुणी विचारलंही नाही. तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

जानेवारीपासून संध्याकाळच्या वंदनेत मी चौथ्या शीलापाशी गप्प होतो. मी खोटं बोलणार नाही, हे ओठांवर येतच नाही. आईच्या ध्यानात आलं. "काहून थांबता तिथंच?" म्हणाली. मी म्हटलं, घसा धरतो. आता ती रोज मूर्तीशेजारी माझ्यासाठी कोमट पाण्याचा पेला ठेवून राहिली. तोही मी पितो.

आता ऐक. आजच तुझ्या मॅडमकडे जा आणि सांग की मला पोहता येत नाही, माझ्या बाबांनी खोटं लिहिलं. अशाच शब्दांत सांग, मला झाकू नकोस. सोबतच्या मुली हसल्या तर हसू दे. परत पाठवलं तर ये, मी स्टेशनवर उभा असेन. अंगात तरंगायचं जॅकेट असतं, सोबत दोघं असतात, असं मला समजावू नकोस. धर्मपालच्या सोबत मी होतो.

आज वंदनेआधी तुझ्या आईला सगळं सांगणार आहे. ती काय म्हणेल याची भीती आहे, पण ती भीती या घरात मावेल. गुरुवारची मावत नाही.

"नाही जाणार" एवढे दोन शब्द तुझ्याकडून येईपर्यंत चौथ्या शीलापाशी थांबलेला,

तुझा बाबा