पडद्यावरचं शून्य

गुरुवार, १२ फेब्रुवारी २००९, संध्याकाळ

आत्ताच घरी आलो. सायखेड्याच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गारव्यासाठी पाइपांतून फिरणाऱ्या विषारी अमोनियाची गळती दाखवणारं सेन्सरचं कार्ड मी चार दिवसांपूर्वी व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला, जोडून दिलं. तेव्हापासून पडद्यावर शून्य. म्हणजे गळती नाही. मालक खूश, मीही खूश.

आज दुपारी प्लँट सांभाळणारे काशिनाथकाका गंधकाची काडी पेटवून पाइपांवरून फिरवत होते. एका व्हॉल्व्हपाशी पांढरा धूर उठला. अमोनिया असला की तो उठतोच.

"सायेब, तुमचं मशीन काय म्हनतं?"

"शून्य."

"मंग ह्यो धूर कशाचा?"

त्यांनी व्हॉल्व्ह आवळला. मी मेमरीची जोडणी तपासली. कार्डाचा मेमरीतला पत्ता टाकताना एक आकडा चुकला होता. मशीन कार्ड वाचतच नव्हतं, भलतीच रिकामी मेमरी वाचत होतं, आणि तिथे शून्यच असतं. सेन्सरजवळ अमोनियाची बाटली धरून बघायची, पाच मिनिटांचं काम. का नाही केलं मी? शून्य दिसलं म्हणून!

शेजारच्या हॉलमध्ये तीस-चाळीस बायका द्राक्षं भरत होत्या. चार दिवस, माझ्या त्या शून्याच्या भरवशावर.

पत्ता दुरुस्त केला. बाटली धरली तर आकडा झरझर चढला, काढली तर पुन्हा शून्य.

"आता खरं बोलतंय ना?" काकांनी विचारलं.

हो म्हणालो. पण ते काडी खिशात ठेवायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. "काका, एकदा परत फिरवा ना."