शुनचे पाय

५ जानेवारी
कालच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, की तिसऱ्या मजल्यावर पाऊल टाकताच सगळ्यांनी टाळ्या वाजवून माझं स्वागत केलं. टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या. माझ्यामागून एक रुग्ण चाकांच्या चौकटीला धरून चालत येत होता, त्याच्यासाठी होत्या. मी मात्र वाकून वाकून सगळ्यांचे आभार मानले! शुनला सांगितलं तर तो हसून हसून दमला. म्हणाला, ताई, तू दुसऱ्याच्या वरातीत शिरलीस तरी स्वतःलाच नवरी समजशील.

शुन माझा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी बांधकामाच्या परांचीवरून पडला, तेव्हापासून कमरेखाली जाणीव नाही, हालचाल नाही. इतक्या जुन्या दुखापतीला कुणी हात लावत नाही. खुनमिंग शहरातली ही संस्था लावते. मज्जारज्जूतला जुना व्रण खरवडून तिथे पेशी सोडतात, मग रोज तासन् तास चालवतात. कर्मचाऱ्यांच्या नातलगांना आधी घेतात, म्हणून मी ही नोकरी धरली. काम सोपं आहे. रुग्णांच्या पायांना टाचणी टोचायची, कळलं का विचारायचं, लिहायचं. शस्त्रक्रियेच्या वेळी हत्यारं हातात द्यायची. आई आमच्या गावची डॉक्टर, माणसांची आणि गुराढोरांचीही. मला अक्षरओळखही तिनेच करून दिली. डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हा तिचा पहिला धडा.

१९ जानेवारी
आज क्वांग काका टाचणी टोचताच ओरडले. बसचालक होते, सात वर्षं खाटेवर आहेत. मी धावत जाऊन हाओ डॉक्टरांना सांगितलं. संस्था त्यांचीच.

दुपारी काका मजल्यावरच्या लांब बोळातून चालले. इथली रीत अशी, की कुणी चालायला उठलं की सगळ्या खाटांचे नातलग दोन्ही बाजूंना उभे राहतात, टाळ्या वाजवतात, ‘जोर लाव, जोर लाव’ म्हणून ओरडतात. काकू सर्वांत पुढे. बस चालवायचास तेव्हा कधी वेळेवर आला नाहीस, आता तरी ये, म्हणाल्या. सगळे हसले. काकांचे ओठ हलत होते, पण गोंगाटात काही ऐकू आलं नाही. डोळ्यांत पाणी होतं. मी ‘आनंदाश्रू’ लिहिलं.

२ फेब्रुवारी
शुनची शस्त्रक्रिया झाली. आई गावाहून हॅम आणि सुकवलेली अळंबी घेऊन आली. संमतीची सही तिनेच केली. शुनला कुणी विचारलं नाही. घरचं माणूस सही करतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तो म्हणाला, डुकराला लस टोचतानाही तू त्याच्याशी चार शब्द बोलतेस, आई. तिने त्याला लटकी चापट मारली.

९ मार्च
शुन चालला!

टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले. आई रडली. संध्याकाळी मी विचारलं, कसं वाटलं. तो म्हणाला, मी नाही चाललो, ताई. पाय चालले. टाच, घोटा, अंगठा, सगळं आता कळतं. पण थांबा म्हटलं तर ऐकत नाहीत.

मला वाटलं, चेष्टा करतोय.

१५ मार्च
आज मी काकांच्या अगदी जवळ उभी राहिले. ते ‘थांबवा’ म्हणतात. पहिल्या दिवसापासून तेच म्हणत असणार. तळव्यांना कातडी उरलेली नाही. खाटेवर पट्ट्यांनी बांधलं, तरी पांघरुणाखाली पाय चालतच असतात.

हाओ डॉक्टरांना सांगितलं. ते प्रेमाने म्हणाले, वेदना म्हणजे यश. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला पुन्हा पाडायला आलीस का गं?

२२ मार्च
शुनच्या टाचेचं हाड दिसतं. आई डॉक्टर आहे, तिलाही दिसतं. ती रक्त पुसते आणि त्याच हातांनी टाळ्या वाजवते. मी तिला बाजूला नेलं. म्हणाली, चार वर्षं त्याची घाण मी काढली, तू शहरात होतीस. आता उभा राहिला तर तुझ्या पोटात का दुखतं?

मग त्याच्याकडे वळून — रडतोस काय, बाप्यासारखा चाल.

२८ मार्च
क्वांग काका सकाळी गेले. नाडी मी स्वतः पाहिली. नव्हती.

पाय चालत होते.

हाओ डॉक्टरांकडे आज पाहुणे होते. काकांना चौकटीत उभं करून बांधलं. मान खाली, टोपी पुढे ओढलेली. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत — काकूंना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या टाळ्या वाजवत —

डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते.

१ एप्रिल
शुन म्हणतो, मज्जारज्जू पुन्हा तोड. जिथे तुटलं होतं तिथेच. दुसऱ्यांदा तुटलं की परत जोडता येत नाही, असं हाओ डॉक्टरच सांगतात. म्हणतो, खुर्चीत बसेन, पत्ते खेळेन, तुझी टिंगल करेन. ताई, तोड. घरी न्यायचं म्हटलं तर आई दारात आडवी — सही तिचीच लागते —

३ एप्रिल
हत्यार मिळालं. शुन दात आवळून पडलाय. पट्टी तुटली — पुन्हा बांधली — पाय —

चिंगमिंगच्या, पितरांच्या सणाला सगळे नातलग थडगी झाडायला गावी जातात. आईही जाईल, बाबांचं थडगं झाडायला. बोळ रिकामा असेल. रविवारी, ५ एप्रिलला, आईची बस सुटली की मी शुनच्या पाठीवर —