रडकं झाड

प्रिय विनोद,

पौषात माझ्या लोंबत्या सायप्रसची सगळी पानं गळली, तेव्हा तू कुऱ्हाड घेऊनच घोलवडला आलास. "ताई, हे रडकं झाड मेलंय. तोडतो, चिकू लाव." त्याची सुईसारखी पानं थंडीत गळतातच, हे पुस्तकात दाखवलं, तर हसलास. बागेत कामाला येणाऱ्या रखमीने नखाने साल खरवडून "बाय, आत हिरवं हाय" म्हटलं, तरी हसलास. कॉन्व्हेंटच्या नन्सपुढे न नमलेली मी तुझ्यापुढे नमणार होते?

आज ते हिरवंगार आहे आणि फांद्या थेट फाटकावर उतरल्यात. छाटणार नाही. हे पत्रही टाकणार नाही, नाहीतर सावध होशील. रामनवमीला जेवायला तू येशीलच. मान खाली घालूनच आत यावं लागेल.

तुझी हट्टी ताई,
देवकी