डावी बाही

दि. ४ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद,

कोट शिवून पाठवला आहे. घालून बघ, पण आरशासमोर गिरक्या मारत बसू नकोस. शिवलेल्या मालातल्या चुका शोधायची नोकरी आहे. तुझ्यासारख्या खुसपटं काढणारीला याहून बरं काम कुठे मिळणार? पण मागच्या दोन मुलाखती तू बडबडीने घालवल्यास. तुझ्या आईची नोकरी सुटल्यापासून घर तुझ्याकडे डोळे लावून बसलंय, हे लक्षात ठेव.

तेव्हा नीट ऐक. अर्धा तास आधी पोच. हात मांडीवर ठेव, बटणांशी चाळा नको. विचारतील तेवढंच सांग, येत नसेल ते येत नाही म्हण. आणि कुणाबद्दल वाकडं बोलू नकोस. दुसऱ्याची उणीदुणी काढणारं माणूस कुणालाच नको असतं. झालं की लगेच कळव, इथे माझा जीव टांगणीला लागलाय.

लोभ आहेच, वेंधळेपणा तेवढा आवर.

तुझी मावशी

दि. १२ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.,

नोकरी मिळाली. सोमवारी रुजू व्हायचंय. आई रडली, मग शेजारणीला दोनदा सांगून आली. मला मात्र परवापासून अन्न गोड लागत नाहीये.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. हात मांडीवर होते. मला वाटलं होतं, एखादा शर्ट पुढ्यात टाकतील. मुख्य बाईंनी माझ्या कोटाकडेच बोट दाखवलं आणि यातली चूक सांगा म्हणाल्या. उणीदुणी काढू नकोस, हे तुझं वाक्य आठवून मी नुसती बाहीकडे बघत राहिले. बाई घड्याळाकडे बघायला लागल्या, तेव्हा बोलून टाकलं, की डावी बाही पाव इंच मागे बसलीय, म्हणून खांद्याशी चुणी पडते. बाई खूश झाल्या. कोट कुणी शिवला, असंही त्यांनी विचारलं. आणि मावशी, मी तो दुकानातून आणल्याचं सांगितलं. तुझं नाव जाऊ नये म्हणून, असं मनाला समजावतेय, पण खरं म्हणजे मला लाज वाटली. जिने सुई धरायला शिकवलं, तिची. तेव्हापासून उठते, बसते, कोट खुंटीवरून काढते, परत अडकवते.

हवं तेवढं रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी भिंगरी

दि. १५ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद,

नोकरीचं वाचून जीव भांड्यात पडला. दुकानाचं वाचून लागलं. लागलं नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल.

बाहीचं मला ठाऊक होतं. तीनदा उसवली, तीनदा तशीच बसली. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मुलाखतीआधी तुला कळवलं नाही, तुझ्या डोक्याला आधीच भुंगे कमी नसतात. म्हणजे लपवलं मीही. पाव इंच तुला दिसला, तेव्हा शिकवलेलं वाया गेलं नाही. पण कोट कुणी शिवला, ते बाईंना स्वतःहून सांग. भुवया उंचावतील, उंचावू देत.

मग सुट्टीला कोट घेऊन ये. बाही तू उसव, लावीन मीच. सुईत दोरा तेवढा ओवून दे, सकाळपासून जमत नाहीये.

तुझी मावशी